वेष आणि विनय

सकाळच्या वेळीं घाटकोपरच्या किंवा अंधेरीच्या स्थानकावर स्त्रियांच्या डब्याशीं जी गर्दी लोटते, तिच्यांत काळा बुरखा घेतलेली कोणी असते, मस्तकाभोंवतीं रुमाल बांधलेली महाविद्यालयीन कन्या असते, झालरीचा रंगीत रिदा ल्यालेली बोहरी गृहिणी असते आणि डोक्यावर साधा पदर घेतलेली कोंकणी मुसलमान आजीबाईहि असते. चौघींचाहि धर्म एकच. मग वेष चार कां?

कुराणाच्या 24 व्या अध्यायांत, म्हणजे सूरा नूरमध्यें, विनयाचा विचार आला आहे. तेथें 30 व्या आयतींतील पहिली आज्ञा पुरुषांना आहे: त्यांनीं दृष्टि खालीं ठेवावी व शील राखावें. 31 व्या आयतींत तीच आज्ञा स्त्रियांना आहे, आणि ओढणी वक्षःस्थळावरून घ्यावी अशी तिला जोड दिली आहे. पुरुषानें नाभीपासून गुडघ्यापर्यंत अंग झांकावें, असें बहुतेक धर्मशास्त्री सांगतात. रेशीम व सोनें त्याला वर्ज्य मानलें आहे. स्त्रीच्या चेहऱ्याविषयीं मात्र शास्त्र्यांत मतभेद आहे. कित्येकांच्या मतें चेहरा व हात उघडे असावे. कित्येक चेहराहि झांकावा म्हणतात. तरीहि हजच्या इहरामांत स्त्रीनें निकाब घेऊं नये, असाच दंडक आहे. कापड, रंग व शिवण हीं ज्या त्या प्रांताच्या चालीवर राहिलीं. म्हणून वेष चार झाले.

हा प्रश्न उपनगरांत न्यायालयापर्यंतहि गेला. 2024 सालीं चेंबूरच्या एन. जी. आचार्य आणि डी. के. मराठे महाविद्यालयानें बुरखा, निकाब, हिजाब, टोपी, बिल्ले इत्यादींस आवारांत मनाई केली. वेषावरून धर्म उघड होऊं नये, अशी त्यामागची भूमिका होती. नऊ विद्यार्थिनींनीं दाद मागितली. मुंबई उच्च न्यायालयानें 26 जून रोजीं त्यांचा अर्ज फेटाळला. सर्वोच्च न्यायालयानें 9 ऑगस्ट रोजीं हिजाब, टोपी व बिल्ले यांवरील बंदीस अंतरिम स्थगिती दिली. वर्गांत बुरखा घालण्यास मात्र मुभा दिली नाहीं. नांवावरूनहि धर्म कळत नाहीं काय, असा प्रश्न त्या वेळीं न्यायासनानें विचारला.

सक्तीनें घातलेला रुमाल आणि सक्तीनें काढविलेला रुमाल, दोहोंतहि त्या मुलीचें मत कोणी विचारलेलें नसतें. विनय हा आंतून यावयाचा गुण आहे. हुकुमानें फार तर वेष बदलतो. पाहणाऱ्यानें दृष्टि कशी ठेवावी, हें तर कोणतेंच न्यायालय ठरवूं शकत नाहीं. ती घरांतली शिकवण आहे. आयतींतील क्रम ध्यानांत घेतला, तर मुलीच्या हातीं ओढणी देण्याआधीं ती शिकवण मुलाला द्यावी लागते.