फोटो नाही, म्हणून बिबट्या नव्हता?



जुन्नर, आंबेगाव, अकोले या भागात बिबट्या आता डोंगरातच राहतो असं नाही. उसात लपायला जागा मिळते, वस्तीवर कुत्री, शेळ्या मिळतात. म्हणून तो गावठाणापर्यंत येतो.

आमच्या गटातल्या एका ताईंना दिवेलागणीला अंगणवाडीच्या कुंपणावर बिबट्या दिसला. मोबाईल काढेपर्यंत तो उसात गडप झाला. घरी सांगितलं, तर पहिला प्रश्न काय? "फोटो कुठाय? कुत्रं असंल." ताई गप्प बसल्या. त्या संध्याकाळीही पोरं अंगणवाडीपुढं खेळतच होती.

बायांनो, फोटो नसला म्हणून जनावर नव्हतं असं होत नाही. अकोले तालुक्यात अभ्यासकांनी आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले, तेव्हा कळलं की बिबटे शेतांत, माणसांच्या शेजारीच राहतात. त्यांच्या विष्ठेत सगळ्यात जास्त कुत्र्यांचे अवशेष सापडले. रोज तिथून जाणाऱ्या कितीतरी जणांना ते कधी दिसलेही नव्हते.

तेव्हा फोटोसाठी मागं धावू नका. बिबट्याला जायला वाट द्या, पाठ न फिरवता हळूहळू मागं सरा. तो गेल्यावर, उजेडी, चौघी मिळून ठसा शोधा. बिबट्याच्या ठशात चार बोटं आणि मागं गादी दिसते, नखं सहसा उमटत नाहीत. कुत्र्याच्या ठशात नखं दिसतात. शेजारी काडेपेटी ठेवून ठशाचा फोटो काढा, म्हणजे माप कळतं. मग त्यावर घमेलं पालथं घाला. हा पुरावा पळून जात नाही!

वनविभागाच्या १९२६ या नंबरावर फोन करा. फोटो नसला तरी करा. शेळी मारली असेल तर पंचनामा होईपर्यंत ती हलवू नका, नाहीतर भरपाईला अडचण येते. ऊसतोडीत पिल्लं सापडली तर उचलून घरी आणू नका, त्यांच्यासोबत फोटोही काढत बसू नका. आई जवळपास असते.

आणि एक करा. गटाच्या वहीत एक पान यासाठी ठेवा: तारीख, वेळ, जागा, कुणाला दिसलं. चार बायांच्या चार नोंदी एका जागेच्या निघाल्या, की तिथं दिवा लावायची मागणी ग्रामसभेत ठासून करता येईल.