लावणीतली बाई आणि खांद्यावरचा पदर

(८ मार्चनिमित्त गिरगावात झालेल्या सभेतील भाषण)



आज सुलोचना चव्हाण यांच्यावर बोलणार म्हटल्यावर काही जणींनी विचारलं, ‘आपल्या व्यासपीठावर लावणी कशाला?’ मी म्हटलं, लावणीत बाईचा आवाज आहे, बाईचं शरीर आहे आणि बाईची मजुरीही आहे. मग तो आपला विषय नाही तर कुणाचा?

सुलोचनाबाई आपल्या गिरगावातल्या. १३ मार्च १९३३ चा जन्म, माहेरच्या कदम. गाण्याचं रीतसर शिक्षण नाही. वत्सलाबाई कुमठेकरांच्या रेकॉर्डी ऐकून कान तयार झाला. लहान वयातच त्या हिंदी चित्रपटांत गाऊ लागल्या. पुढे लावणीत कुठल्या शब्दावर जोर द्यायचा, कुठला शब्द नुसता फेकायचा, हे पती श्यामराव चव्हाणांनी शिकवलं. ‘रंगल्या रात्री अशा’ (१९६२), ‘सवाल माझा ऐका’ (१९६४), ‘मल्हारी मार्तंड’ (१९६५) या चित्रपटांनी तो ठसकेबाज आवाज गावोगाव पोचवला. आचार्य अत्र्यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं. २०२२ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला त्या गेल्या.

मंचावरच्या सुलोचनाबाई आठवा. दोन्ही खांद्यांवरून लपेटून घेतलेला पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू. हातवारे नाहीत, ठुमका नाही. शृंगार होता तो सगळा आवाजात. त्यामुळे जी लावणी घरातल्या बायकांनी ऐकायची नाही असं मानत, ती रेडिओवरून थेट स्वयंपाकघरात आली. हा बदल लहान नव्हे, आणि तो एका बाईने केवळ गळ्याच्या जोरावर घडवला.

आता दुसरी बाजू पाहू. चित्रपटातली लावणी लिहिली जगदीश खेबुडकरांनी, माडगूळकरांनी. गायली सुलोचनाबाईंनी. पडद्यावर नाचल्या जयश्री गडकर. म्हणजे शब्द पुरुषाचे, आवाज एकीचा आणि शरीर दुसरीचं. तमाशातली बाई मात्र गाते आणि नाचतेही, समोरच्या प्रेक्षकाला उत्तर देते आणि रात्र संपली की पुढच्या गावाला निघते. लालबागच्या हनुमान थिएटरात गिरणी कामगार ज्यांना बघायला गर्दी करत, त्या या बाया. बहुतेक कोल्हाटी, मांग, महार समाजातल्या.

विठाबाई नारायणगावकर सुलोचनाबाईंहून दोनच वर्षांनी लहान. तमाशा चालू असताना त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही हकीकत आपण कौतुकाने सांगतो. पण त्या बाईला बाळंतपणाची सुटी का नव्हती, हे कुणी विचारत नाही. राष्ट्रपतिपदक मिळूनही त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. २००२ साली त्या वारल्या. आज त्यांच्या नावाने सरकारी पुरस्कार दिला जातो.

यात सुलोचनाबाईंना दोष नाही. समाजाने घातलेल्या अटीत त्यांनी आपलं काम चोख केलं. माझा सवाल त्या अटीला आहे. पदर घेतला तर कलावती, नाही घेतला तर नाचणारी, हा निवाडा कुणी केला? २००५ साली राज्यात डान्सबार बंद झाले, तेव्हाही तोच निवाडा होता. संस्कृती वाचवण्याची भाषा झाली आणि हजारो बायांची रोजीरोटी गेली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली, पण मधल्या आठ वर्षांचा हिशेब कोण देणार?

आज मुली मराठीत रॅप करतात. शब्द स्वतःचे, आवाज स्वतःचा, उभ्याही स्वतःच राहतात. लावणीत तीन ठिकाणी वाटलेली बाई इथे एकसंध झाली आहे. तरी पहिली चौकशी होते ती कपड्यांचीच.

तेव्हा कुणी म्हणालं, ‘ही आमची कलावंत आणि ती बाजारू’, तर आपण गप्प बसायचं नाही. दोघींना मजुरी किती, आजारपणात कोण बघतं, म्हातारपणी पेन्शन मिळते का, हे विचारायचं. फडातल्या बाईला आपल्या सभेत बोलवायचं, आणि तेही करमणुकीला नव्हे, बोलायला.