स्पीकरचं चुंबक आणि आईची कॅसेट



निवृत्तीनंतर आम्ही महूला स्थायिक झालो. गेल्या दिवाळीत घर आवरताना सौ.ने एक कॅसेट हातात ठेवली. 1989 साली मी सीमेवर असताना आईने बोलून पाठवलेली. तिच्या आवाजाची एवढीच एक खूण माझ्याकडे आहे. आणि ती कित्येक वर्षं पडून होती कुठे, तर जुन्या स्पीकरच्या डोक्यावर! काळजात धस्स झालं.

फौजेत नकाशा शिकवताना पहिला धडा असतो, होकायंत्र हातात घेतलं की रायफल, हेल्मेट, गाडी लांब ठेवा. लोखंड जवळ असलं की सुई खोटं बोलते आणि अख्खी तुकडी भरकटते. तोच धडा घरातही लागू आहे. चुंबकाचा खरा शत्रू म्हणजे अंतर. थोडं लांब गेल्यावर अंतर दुप्पट झालं, की जोर साधारण आठव्या हिश्श्यावर येतो.

मग घाबरायचं कशाला? जुन्या डबा टीव्हीला स्पीकर खेटून ठेवला की पडद्यावर हिरवे-जांभळे डाग पडत. इलेक्ट्रॉनचा झोत चुंबकाने वळतो आणि आतली धातूची जाळीही चुंबकित होते. आजच्या एलईडी टीव्हीत तो झोतच नाही. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, एसएसडी यांत माहिती चुंबकावर साठवलेली नसते. हार्ड डिस्कमध्ये असते, पण तिच्या पोटातच दमदार चुंबक असतं. शेजारच्या स्पीकरला ती भीक घालत नाही. फोनचं होकायंत्र मात्र चुकतं. फोन लांब नेऊन हवेत आठचा आकडा काढला की ते ताळ्यावर येतं.

जपायचं ते कॅसेट, फ्लॉपी आणि कार्डाची काळी पट्टी. कार्डाची चिप सुरक्षित असते.

आता एक गोष्ट गंभीरपणे ऐका. घरात कुणाला पेसमेकर किंवा हृदयाला झटका देणारं यंत्र बसवलं असेल, तर सुटा स्पीकर, हेडफोन, इअरफोनची डबी छातीशी नको, शर्टाच्या खिशात तर नकोच. चुंबक जवळ आलं की पेसमेकरची चाल तात्पुरती बदलू शकते, झटक्याचं यंत्र तेवढ्यापुरतं गप्प बसू शकतं. किमान सहा इंच, म्हणजे 15 सेंटिमीटर अंतर राखा. बाकी आपल्या डॉक्टरांना विचारा. टीव्ही बिघडला तर नवा येतो. माणूस येत नाही.

आणि कॅसेट? शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणला. आधी नुसती खरखर. मग आई म्हणाली, "थंडीत कानटोपी घालतोस ना रे?"

चुंबक होतं खोक्याच्या मधोमध, कॅसेटपासून फूटभर खाली. त्या फूटभर अंतराने आई वाचवली. त्याच दिवशी तिचा आवाज दोन पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला. तुमच्याही घरी अशी एखादी कॅसेट असेल. आजच शोधा.

जय हिंद.