आधी सीटी की एमआरआय?

अचानक तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, की रुग्णाला तातडीने दवाखान्यात नेतात आणि डॉक्टर बहुधा आधी सीटी स्कॅन सांगतात. नातेवाईक म्हणतात, ‘एमआरआय जास्त चांगला ना, मग तोच करा की!’ पण इथे वेळ फार मोलाची. सीटी काही मिनिटांत होतो आणि मेंदूतला ताजा रक्तस्राव त्यात पांढरा उठून दिसतो. रक्तस्राव नसेल आणि गुठळीमुळे झटका आला असेल, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं. रक्तस्राव असताना तेच इंजेक्शन जिवावर बेतू शकतं.

मणक्यातली सरकलेली गादी किंवा गुडघ्याचं फाटलेलं लिगामेंट यांसाठी मात्र एमआरआयच सरस. सीटीत क्ष-किरण असतात, एमआरआयमध्ये नसतात. म्हणून गरोदर असाल तर सीटीआधीच सांगा.

एमआरआयचं चुंबक मात्र तपासणी नसतानाही चालूच असतं. २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाचा जीव गेला. तेव्हा नातेवाइकांनीही अंगावरचं धातूचं सगळं बाहेर ठेवावं. पेसमेकर किंवा मेंदूत बसवलेली क्लिप असेल तर आधी बोला. लेथवर, वेल्डिंगवर काम करताना डोळ्यात कधी लोखंडाचा कण उडाला असेल, तर तेही सांगा. वीस वर्षांपूर्वीचा असला तरी.