संगणकावरचे स्वतःचे टपालघर

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा विषय थोडा रूक्ष आहे, हे आधीच कबूल करतो. यंत्रे आणि आकडे यांची चर्चा जेवणाच्या वेळेआधी ऐकायला कोणाला आवडणार? परंतु तुमच्या मुलामुलींचे प्रवेश, शिष्यवृत्त्या आणि नोकरीची बोलावणी आज बहुतेक ई-मेलनेच येतात. ते पत्र वाटेत हरवले तर काय होते, हे मी जवळून पाहिले आहे. त्यात चूक माझी होती.

एका छोट्या शिक्षणसंस्थेचा मेल सर्व्हर मी काही वर्षे सांभाळत होतो. शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने परराज्यातील विद्यापीठाकडे पुढील शिक्षणासाठी अर्ज केला. तिची गुणपत्रके आणि शिफारसपत्र संस्थेच्या पत्त्यावरून थेट यावीत, अशी तिथली अट होती. आम्ही ती पाठवली. यंत्राने 'स्वीकारले' अशी नोंदही केली. तीन आठवड्यांनी कळले की कागद मिळाले नाहीत म्हणून अर्ज निकालात काढला. तिचे अब्बा कचेरीत आले. ते रागावले नाहीत. "साहेब, मग पत्र गेलं कुठं?" एवढेच त्यांनी विचारले.

त्याचे उत्तर द्यायचे तर पत्र जाते कसे, ते आधी सांगायला हवे.

तुम्ही फोनवर पत्र लिहून बोट दाबता तेव्हा ते प्रथम तुमच्या स्वतःच्या टपालघरात, म्हणजे सर्व्हरवर जाते. तिथे पासवर्ड दाखवावा लागतो. मग तो सर्व्हर पत्त्यातील @ या खुणेनंतरचे नाव पाहतो. ही खूण १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने या कामासाठी निवडली. त्या नावाचे टपाल कोणत्या यंत्राकडे द्यावे, हे डीएनएस नावाच्या सार्वजनिक नोंदवहीत लिहिलेले असते. त्या नोंदीला एमएक्स म्हणतात. आपला सर्व्हर त्या यंत्राचे २५ क्रमांकाचे दार ठोठावतो. त्याला पोर्ट २५ म्हणतात. "मी अमुक, पत्र अमक्याचे, तमक्यासाठी" असे तो सांगतो आणि समोरचा प्रत्येक वाक्याला आकड्यात उत्तर देतो. या संभाषणाचे नियम म्हणजे एसएमटीपी. जोनाथन पोस्टेल यांनी ते १९८२ च्या ऑगस्टमध्ये लिहून काढले, आणि मूळ सांगाडा आजही तोच आहे.

पत्रे नेण्याआणण्याचे काम आमच्याकडे पोस्टफिक्स हा प्रोग्राम करी, आणि आलेली पत्रे फोनवर दाखवण्याचे काम डव्हकॉट. दोन्ही फुकट मिळतात आणि उत्तम आहेत.

आजच्या मुलांना वाटते की ई-मेल म्हणजे एखाद्या मोठ्या कंपनीची वस्तू. तसे नाही. आपल्या देशात १९८६ साली एर्नेट हे शैक्षणिक जाळे सुरू झाले. मुंबईत जुहूची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था आणि पवईची आयआयटी त्यात होत्या. त्या दशकाच्या उत्तरार्धात एक संगणक दुसऱ्याला साध्या टेलिफोनवरून हाक मारी, पत्रांचा गठ्ठा देई-घेई आणि फोन ठेवून देई. प्रत्येक संस्था आपले टपालघर आपणच चालवी. दुसरा मार्गच नव्हता. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि हॉटमेलसारखी फुकट खाती १९९६ नंतर आली. म्हणजे स्वतःचा मेल सर्व्हर हे कोणाचे खूळ नव्हे. ती मूळची रीत आहे.

आमचा सर्व्हर कोल्हापुरातच, कचेरीच्या तळमजल्यावर होता. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर तुम्ही विसरला नसाल. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पुणे-बेंगळुरू महामार्ग काही दिवस बंद होता आणि मालाचे ट्रक दोन्ही बाजूंना ओळीने उभे होते. ई-मेलही अगदी तसेच उभे राहते. समोरचे दार उघडत नसेल तर पाठवणारा सर्व्हर पत्र फेकून देत नाही. आपल्या रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा ठोठावत राहतो. पोस्टफिक्समध्ये ही मुदत मुळात पाच दिवसांची असते. आमच्याकडे वीज सहा दिवसांनी आली. पहिल्या दिवसाची बरीचशी पत्रे तोवर पाठवणाऱ्याकडे परत गेली होती. नंतरची मात्र यंत्र सुरू होताच एकामागून एक येऊन दाखल झाली, जणू महामार्ग खुला झाला! यंत्र पाण्यातून वाचले हे नशीब, कारण जुन्या पत्रांची दुसरी प्रत मी त्याच यंत्रावर ठेवली होती. ही प्रत नव्हेच. प्रत दुसऱ्या गावात हवी.

त्या अनुभवानंतर मी सर्व्हर भाड्याच्या यंत्रावर हलवला. निर्णय योग्य होता. चूक त्याच दिवशी झाली.

१९८२ च्या नियमांत एक मोठी उणीव आहे. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचे नाव कोणीही काहीही लिहावे! तेव्हा सगळे एकमेकांना ओळखत होते, म्हणून चालले. आज चालत नाही. गुळाच्या पेठेत नवा माणूस आला तर त्याची पत विचारतात, तशी नव्या सर्व्हरची विचारली जाते. त्याला तीन-चार दाखले द्यावे लागतात. आमच्या नावाने पत्र टाकण्याचा अधिकार कोणत्या यंत्रांना आहे, हे सांगणारी डीएनएसमधील ओळ म्हणजे एसपीएफ. प्रत्येक पत्रावर सर्व्हरने केलेली गुप्त किल्लीची सही म्हणजे डीकिम. तिची उघड किल्ली डीएनएसमध्ये ठेवायची, म्हणजे कोणीही सही पडताळू शकतो. वाचणाऱ्याला दिसणारे नाव या दाखल्यांशी जुळते का आणि न जुळल्यास काय करावे, हे डीमार्क सांगतो. चौथी गोष्ट, यंत्राच्या आयपी क्रमांकावरून उलट शोध घेतला तर त्याचेच नाव निघाले पाहिजे. ही नोंद यंत्र भाड्याने देणाऱ्याकडून करून घ्यावी लागते.

यंत्र बदलले तसा आयपी क्रमांक बदलला. मी एसपीएफची नवी ओळ लिहिली, पण जुनी पुसली नाही. जादा असली तर काय बिघडते, असे वाटले. नियम असा आहे की एका नावाला एसपीएफची ओळ एकच हवी. दोन आढळल्या तर तपासणारा त्यातली बरोबर ओळ निवडत बसत नाही, दोन्ही बाद धरतो. एका घराची दोन रेशनकार्डे निघाली तर दुकानदार काय करील, तसेच हे. डीकिमची सही तर आम्ही बसवलीच नव्हती. मग त्या विद्यापीठाच्या सर्व्हरने पत्र घेतले आणि स्पॅमच्या ढिगात टाकले.

हे माझ्या लक्षात का आले नाही? दोन कारणे. मी चाचणीची पत्रे कचेरीतल्याच सहकाऱ्यांना पाठवली होती. ती पोहोचणारच, कारण ती उंबरठ्याबाहेर गेलीच नाहीत. चाचणी नेहमी परक्या पत्त्यांवर करावी, तीही दोन-तीन वेगवेगळ्या. दुसरे असे की डीमार्कची ओळ मी घातली होती, त्यामुळे बाहेरचे सर्व्हर आमची पत्रे तपासणीत नापास होत असल्याचे अहवाल पाठवत होते. ते किचकट दिसतात म्हणून मी उघडले नव्हते. शिवाय लॉगमधला २५० हा आकडा पाहून मी निर्धास्त झालो. २५० म्हणजे समोरच्या दाराने पत्र घेतले, इतकेच. माणसाच्या हाती पडले असा त्याचा अर्थ नाही.

त्या मुलीचे एक वर्ष गेले. पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला. तिची पत्रे गेली त्या दिवशी मी विद्यापीठाच्या कचेरीला फोन करून कागद समोर आहेत का, हे विचारून घेतले. त्या वेळी तिला प्रवेश मिळाला. तरी गेलेले वर्ष काही परत आले नाही.

आता बिघाड शोधण्याविषयी. नव्या माणसाची खोड अशी की मेल अडला की तो सेटिंग बदलू लागतो. आधी लॉग वाचा. लॉग म्हणजे यंत्राची रोजकीर्द. प्रत्येक पत्राची जमा-खर्ची तिच्यात असते. समोरच्याचे उत्तर ४ ने सुरू होत असेल तर अर्थ "आत्ता नाही, नंतर या". काही सर्व्हर अनोळखी यंत्राला पहिल्यांदा मुद्दाम असे परत पाठवतात. अशा वेळी थांबावे. ५ ने सुरू होत असेल तर नकार कायमचा, आणि पुढे बहुधा कारणही दिलेले असते. उत्तरच येत नसेल तर २५ क्रमांकाचे दार बंद आहे का पाहा. घरगुती जोडण्यांवर आणि पुष्कळ भाड्याच्या यंत्रांवर ते मुळातच बंद असते. पत्रे येणेच थांबले तर डिस्क भरली आहे का हे आधी बघा. मी दोनदा अर्धा दिवस नको तिथे शोधत बसलो होतो. फोन एकाएकी प्रमाणपत्राची तक्रार करू लागले तर त्याची मुदत संपलेली असते. फुकट मिळणारी प्रमाणपत्रे पुष्कळदा ९० दिवसांचीच असतात. नवे आपोआप आले तरी डव्हकॉटला ते पुन्हा वाचायला सांगावे लागते, नाहीतर तो जुनेच दाखवत राहतो. आणि रांगेत एका रात्रीत हजारो पत्रे साचलेली दिसली, तर कोणाचा तरी पासवर्ड चोरीला गेला असे समजा. आधी ते खाते बंद करा, रांग साफ करा, मग चौकशी. उशीर झाला तर तुमचा आयपी क्रमांक काळ्या यादीत जातो, आणि तिथून नाव काढणे हे चिकाटीचे काम आहे.

नियम आता आणखी कडक झाले आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू पत्रे पाठवणाऱ्यांकडे हे दाखले मागू लागले आहेत.

मग स्वतःचे टपालघर चालवावे का? माझे मत स्पष्ट सांगतो. घरच्या यंत्रावर नको. रोज लॉग पाहणारा माणूस नसेल तर भाड्याच्या यंत्रावरही नको. टपाल एखाद्या कंपनीकडून चालवून घ्यावे. नाव मात्र, म्हणजे डोमेन, संस्थेच्या मालकीचे असावे आणि त्याचा पासवर्ड एकट्या कारकुनाकडे नसावा. नाव आपले असेल तर उद्या कंपनी बदलता येते, पत्ता तोच राहतो.

'भारत' हे टोकनाव २०१४ पासून देवनागरीत मिळते, उर्दू लिपीतही मिळते. देवनागरी पत्त्यावर पत्र नेण्याचे नियम २०१२ साली ठरले आणि पोस्टफिक्सला २०१५ पासून ते कळतात. मला याचे फार अप्रूप आहे. परंतु अनेक संकेतस्थळांचे अर्ज असा पत्ता अजून घेत नाहीत, तेव्हा प्रवेशाच्या अर्जावर रोमन पत्ताच लिहा.

विद्यार्थ्यांनी मात्र सर्व्हर एकदा मांडून पाहावाच. लहानसे यंत्र भाड्याने घ्या, एक स्वस्त नाव घ्या, आणि पहिले सहा महिने त्यावरून कोणतेही महत्त्वाचे पत्र पाठवू नका. अडले तर सभेनंतर मला भेटा. येताना लॉगच्या ओळी उतरवून आणा. नुसते "मेल जात नाही" असे सांगितले तर मलाही काही कळत नाही.