जिना चढताना लागणारी धाप

फेब्रुवारी 2021 आठवतो? कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचे पहिले चटके अमरावती-अकोल्याला बसले. 22 फेब्रुवारीला अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली. ताप उतरला, अहवाल निगेटिव्ह आला, तरी अनेकांना जिना चढताना धाप लागतच राहिली. अंथरुणात स्नायू झिजतात, हृदय-फुप्फुसांची कष्टाची सवय मोडते. ती पुन्हा लावायला मोजूनमापून व्यायाम हवा.

डॉक्टर आधी बोटाला ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटं सपाट जागेवर चालवतात, अंतर मोजतात. त्यांचा होकार मिळाला, की घरी खुर्चीपासून सुरुवात करा. उठा, बसा, दम घ्या. श्वास नाकाने घ्या आणि ओठांचा चंबू करून, दुप्पट वेळ लावून सोडा. चालताना एक वाक्य सलग बोलता आलं पाहिजे. आपल्याकडचं ऊन पाहता चालणं सकाळी लवकरच बरं.

हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या अमरावतीला व्यायामाची गोडी नवी नाही. पण आजारातून उठल्यावर जोर-बैठकांची घाई नको. दुसऱ्या दिवशी अंग गळून गेलं, तर व्यायाम कमी करा. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा ऑक्सिजन 90 च्या खाली गेला, तर तिथेच थांबा आणि लगेच दवाखाना गाठा.