शेत काढायच्या आधी
(सिद्धेश्वर येथे तरुणांसमोर केलेले भाषण)

 

मघाशी एका चाचांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “बेटा, पोराला इंजिनिअर करायचंय. कालव्याखालचं एकर काढू का?” मला लगेच उत्तर देता आलं नाही. माझ्या अब्बांनीही असंच एक एकर विकलं होतं.

बारावीला मला बरे गुण होते. पण कॅप राऊंड काय असतो, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. एजंटनं “सीट संपतील” म्हणून घाई केली आणि मॅनेजमेंट कोट्यात पैसे भरले. डिग्री झाली, वर्षभर भटकून नोकरीही लागली. पण जमीन परत आली नाही आणि धाकट्या बहिणीचं शिक्षण बारावीवर थांबलं. माझ्या डिग्रीची किंमत तिनं मोजली.

म्हणून सांगतो, कॉलेज परवडतं की नाही, हे तुम्ही कोणत्या दारानं आत जाता यावर आहे. 2024-25 पासून 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी राज्य सरकार पूर्ण भरतं. मुलांना शिक्षण फीत निम्मी सवलत आहे. अट ही की प्रवेश कॅपमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्याला आणि अभिमत विद्यापीठाला यातलं काही मिळत नाही.

आपली मुलं अडतात ती कागदांवर. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन ओबीसीत आहेत, पण टीसीवर नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं. जातीच्या दाखल्याला 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला अकरावीतच शोधायला घ्या, निकालाची वाट बघू नका. जे आरक्षणात बसत नाहीत, त्यांनी ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा.

दहावीनंतरचीही एक वाट आहे. हिंगोलीच्या शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा करा, नंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जा. खर्च कमी आणि हाताला काम आधी.

एक खरं सांगतो. डिग्रीनं मला मुलाखतीच्या खोलीपर्यंत नेलं. आतले प्रश्न मी रात्री जागून जे शिकलो, त्यावर सुटले. महागड्या कॉलेजातही ते आपणच शिकावं लागतं.

चाचा, शेत आत्ता काढू नका. आधी कॅपचा फॉर्म भरा. आणि फॉर्म दोन आणा, घरात मुलगीही आहे.

खुदा हाफिज.